थोरले काका, नंबर दोन

आमच्या कुलवृत्तांताचं पहिलं मुद्रित थोरल्या काकांच्या हातात पडलं तेव्हा त्यांनी सर्वांत आधी स्वतःचं नाव शोधलं. सगळेच तसं करतात. कुलवृत्तांत अख्ख्या कुळासाठी छापतात, पण घेणारा प्रत्येक जण त्यातल्या दीड ओळी वाचतो आणि त्या त्याच्या स्वतःच्या असतात. काकांना त्यांच्या दीड ओळी सापडल्या आणि रात्री पावणेदहाला फोन आला.

"अरे, माझ्यापुढे दोनचा आकडा कशाला?"

"काका, तो भावंडांमधला क्रमांक आहे."

"ते कळतंय मला. मी थोरला. गेली चौऱ्याऐंशी वर्षं थोरला आहे. मग पहिला कोण?"

मी पान उघडलं. काका दोन, मधले काका चार, माझे वडील सहा, आत्या आठ, धाकटे काका दहा. एक, तीन, पाच, सात, नऊ यांचा कुठे पत्ता नाही. आजी-आजोबांना पाच मुलं, हे घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं. माझ्या मुद्रिताप्रमाणे त्यांच्या अधेमधे आणखी पाच जण होते आणि ते कुटुंबाने आजवर लपवून ठेवले होते.

हे काम माझ्याकडे आलं कसं ते सांगतो. कुलवृत्तांताच्या दुसऱ्या आवृत्तीसाठी समिती बसली. कुणीतरी म्हणालं, "हा कॉम्प्युटरमध्ये आहे." आपल्याकडे एवढं पुरतं. पहिल्या आवृत्तीच्या संपादकांनी सगळे क्रमांक हाताने घातले होते. छपाईला जायच्या आदल्या आठवड्यात कुणाकडे तरी बारसं झालं की ते बिचारे खोडरबर घेऊन बसत. मी छाती पुढे काढून सांगितलं, "आपण क्रमांक घालायचेच नाहीत. माणसं नीट लिहायची. क्रमांक आपोआप पडतील." समितीने टाळ्या वाजवल्या. 'आपोआप' हा शब्द उच्चारणाऱ्या माणसाच्या पत्रिकेत पुढचे सहा महिने काय लिहिलेलं असतं ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

माझा बेत साधा होता. सगळी माहिती एक्सएमएलमध्ये लिहायची आणि एक्सएसएलटीच्या स्टाइलशीटमधून तिचं पुस्तक काढायचं. एक्सएमएलची पहिली प्रमाण आवृत्ती १० फेब्रुवारी १९९८ची. तिची एक गोष्ट मला फार आवडते. टॅगची नावं देवनागरीतही चालतात. त्यामुळे मी सरळ 'मुलगा' आणि 'मुलगी' असे टॅग केले आणि मुलग्याच्या पोटात त्याची मुलं लिहीत गेलो. पुढच्याच वर्षी, १६ नोव्हेंबर १९९९ला, जेम्स क्लार्कच्या संपादनाखाली एक्सएसएलटी आली. तिच्यासोबत एक्सपाथ नावाची पाठराखीण होती. या पाठराखिणीचा शब्दकोश पाहिला तर ती आमच्या समितीनेच तयार केली असावी असं वाटतं. पालक, अपत्य, पूर्वज, वंशज, भावंडं! गोत्र आणि कुलदैवत तेवढं राहिलं.

त्यातही एक गंमत आहे. इंग्रजीत भावंडाला एकच शब्द. थोरलं-धाकटं त्यांना वेगळं सांगावं लागतं. पण एक्सपाथमध्ये नुसतं 'भावंडं आण' असं म्हणायची सोयच नाही. तिथे 'प्रिसीडिंग-सिब्लिंग' म्हणजे तुमच्या आधीची आणि 'फॉलोइंग-सिब्लिंग' म्हणजे तुमच्या पाठची. थोरली जाऊ की धाकटी जाऊ हे सांगितल्याशिवाय आपल्याकडे जसं पान हलत नाही, तसंच. ज्याच्या पाठीवर कुणी नाही ते शेंडेफळ. ते ओळखायची सूत्रं तिथे आहेत, फक्त त्याचे लाड करायचं सूत्र नाही.

आता ते दोन, चार, सहा.

मी क्रमांकासाठी 'पोझिशन' नावाचं फंक्शन वापरलं होतं. ते 'तू या रांगेत कितवा' एवढं सांगतं. मी रांग लावताना म्हटलं, "आजोबांच्या पोटातलं सगळं घ्या." मला म्हणायचं होतं सगळी मुलं. यंत्राने ऐकलं 'सगळं'. आजोबांच्या टॅगनंतर मी एंटर मारला होता, मग काकांचा टॅग. पुन्हा एंटर, मग मधले काका. डोळ्यांना छान दिसावं म्हणून प्रत्येक ओळ चार जागा सोडून सुरू केली होती. एक्सएमएलच्या लेखी हा एंटर आणि त्या चार मोकळ्या जागा मिळून एक मजकूर होतो. दिसत नाही, पण असतो. त्याला रांगेत पूर्ण एक जागा मिळते. म्हणून पहिला नंबर मोकळ्या जागेचा, दुसरा काकांचा, तिसरा पुन्हा मोकळ्या जागेचा. धाकट्या काकांच्या मागे अकरावी एक मोकळी जागा उभी होती. म्हणजे आमचं शेंडेफळसुद्धा शेंडेफळ राहिलं नव्हतं.

हे काकांना फोनवर समजावणं शक्य नव्हतं. "काका, तुमच्या आधी मोकळी जागा आहे," असं मी म्हणून पाहिलं. ते म्हणाले, "कुठे? गावच्या घराशेजारची? ती पण आपलीच आहे." पुढची दहा मिनिटं आम्ही सात-बाराच्या उताऱ्यावर बोललो.

दुसऱ्या दिवशी मुद्रिताचा फोटो कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरला. 'पहिला कोण?' या प्रश्नाला संध्याकाळपर्यंत चार उत्तरं तयार झाली. आजोबांचं आधी एक लग्न झालं होतं, असं नागपूरच्या चुलतबहिणीचं मत पडलं. एक मूल दत्तक गेलं आणि मुद्दाम लिहिलं नाही, असं दुसऱ्याने लिहिलं. गिरगावात आजोबांसारखाच दिसणारा एक गृहस्थ आपण १९७०च्या सुमारास पाहिला होता, असं तिसऱ्याला आठवलं. चौथ्याने नुसता विचार करणारा पिवळा चेहरा टाकला आणि त्यालाच जास्त अंगठे मिळाले. एरवी 'सुप्रभात' घालायला सर्वांत आधी उठणारी आत्या त्या दिवशी काहीच बोलली नाही.

उपाय दोन ओळींचा होता. स्टाइलशीटच्या डोक्यावर 'स्ट्रिप-स्पेस' लिहायचं, म्हणजे टॅगांमधली रिकामी जागा मोजणीपूर्वीच झाडून निघते. किंवा रांग लावताना 'फक्त टॅगच घ्या' म्हणून तारा मारायचा. पण आता पोझिशनवरचा माझा विश्वासच उडाला होता. म्हटलं, क्रमांक घालायला खास नेमलेला 'एक्सएसएल-नंबर' आहे, त्यालाच बोलवू. तो रांग बघत नाही, मूळ कागदात तुम्ही कुठे आहात ते बघतो.

दुसरं मुद्रित गेलं. रात्री पावणेदहाला फोन.

"आता मी एक आलो. बरोबर. पण तुझी आत्यासुद्धा एक आहे."

एक्सएसएल-नंबरला काही सांगितलं नाही तर तो आपल्याच नावाची भावंडं मोजतो. मुलगा असेल तर आधीचे मुलगे, मुलगी असेल तर आधीच्या मुली. चार भावांमध्ये आत्या एकटी, म्हणून ती मुलींत पहिली. आणि ती मोजणीतून वगळली गेल्यामुळे पाचवे धाकटे काका चौथे झाले. जुन्या कुलवृत्तांतांची तऱ्हा अगदी हीच असे. मुलगे ओळीने, सविस्तर. मुली शेवटी, 'कन्या' म्हणून एका ओळीत. हे मी प्रयत्न न करता यंत्राकडून करवून घेतलं होतं. यावेळी आत्या बोलली. ग्रुपवर नाही, थेट मला.

"मी तुझ्या बापाच्या पाठची आहे. त्याचं दप्तर मी उचललंय. मला चौथा नंबर दे."

दिला. मोजताना 'मुलगा किंवा मुलगी' असं लिहायचं, मध्ये एक उभी रेघ. एवढ्या एका उभ्या रेघेने आत्या भावांच्या ओळीत येऊन बसली. मी हे समितीत सांगितलं तेव्हा एक वयस्कर सभासद म्हणाले, "आमच्या वेळी ही रेघ नव्हती." त्यांना व्याकरण म्हणायचं होतं की आणखी काही, ते मी विचारलं नाही.

एव्हाना एक पुतण्या मदतीला आला होता. नुकताच इंजिनियर झालेला, हात शिवशिवत असलेला. तो म्हणाला, "काका, एवढं कशाला? एक व्हेरिएबल घ्या, त्यात शून्य ठेवा, प्रत्येक माणसागणिक एक वाढवा." मी त्याला करू दिलं. शहाणपण शिकवण्यापेक्षा ते होऊ द्यावं. शाळेत आपण व्हेरिएबलला 'चल' म्हणायचो. एक्सएसएलटीतला चल हा अचल चल आहे. एकदा त्यात जे ठेवलं ते ठेवलं, पुन्हा बदलता येत नाही. पुतण्याच्या यादीत सगळ्या कुळाला एक नंबर मिळाला. समतेच्या दृष्टीने ती आवृत्ती सर्वोत्तम होती.

मग तो मागे मोजायच्या पद्धतीकडे वळला. 'माझ्या आधीची भावंडं किती, ती मोज.' काका शून्य आले. हे काकांना दाखवायच्या आत मी पडदा बंद केला. आधीची भावंडं मोजली की उत्तर नेहमी आपल्या क्रमांकाहून एक कमी येतं. मराठीला हे नवीन नाही. विसाला एक कमी म्हणजे एकोणीस, तिसाला एक कमी म्हणजे एकोणतीस, अशी एक कमी करायची सवय आपल्या जिभेला फार जुनी. पण शेवटी एक मिळवायला विसरलं की थोरला माणूस शून्य होतो आणि मग त्याच्याकडे दिवाळीला जाता येत नाही.

या पद्धतीत आणखी एक खोट आहे. कल्पना करा, शंभर माणसांची पंगत बसली आहे आणि वाढप्याने विचारलं, "तुमचं पान कितवं?" पहिला म्हणतो एक. दुसरा मान वळवून पहिल्यापर्यंत मोजतो. शंभरावा माणूस जेवण सोडून पार पहिल्या पानापर्यंत ९९ डोकी मोजतो. कुणीच शेजाऱ्याला 'तुझा कितवा?' असं विचारत नाही. एकूण ४,९५० डोकी मोजून होतात आणि मठ्ठा संपतो. स्टाइलशीट चालवणारे काही शहाणे प्रोसेसर मागच्याचा नंबर लक्षात ठेवतात आणि त्यात एक मिळवतात. बाकीचे मोजत बसतात. आमच्या कुळात एका आईला जास्तीत जास्त अकरा मुलं, तेव्हा तो काळजीचा विषय नव्हता. काळजीचा विषय कंस होता.

प्रत्येकाच्या ओळीत 'अमक्याच्या पाठचा' असं छापायचं ठरलं. आधीच्या भावंडांतलं पहिलं घ्या, असं मी लिहिलं. एक्सपाथ मागे वळून बघताना आपल्या अगदी जवळचं भावंड पहिलं धरतो. आत्याच्या मागे पहिले माझे वडील. अगदी बरोबर. पुतण्याला ते वाचायला अवघड गेलं म्हणून त्याने सुबकपणे एक कंस घातला. कंसात घातलं की आधी सगळी मागची मंडळी जन्मक्रमाने उभी राहतात आणि मग त्यांतला पहिला उचलला जातो. म्हणजे थोरले काका. छापून आलं तेव्हा मधले काका, माझे वडील, आत्या, धाकटे काका असे चौघेही थोरल्या काकांच्या पाठचे झाले होते. काकांनी ही चूक कळवली नाही. मला ती तिसऱ्या मुद्रितात दिसली. त्यांना ती पहिल्यांदाच दिसली असणार.

खरा घोळ पुढेच होता, खापरपणजोबांपाशी.

आईचं नाव मी टॅगच्या आत, मुलग्याच्या नावाशेजारी लिहिलं नव्हतं. बायकोचं नाव मी नवऱ्याच्या टॅगला अ‍ॅट्रिब्यूट म्हणून चिकटवलं होतं. तेव्हा ते सोयीचं वाटलं. नंतर कळलं की अ‍ॅट्रिब्यूटची घरातली जागा फार चमत्कारिक असते. अ‍ॅट्रिब्यूटला विचारलं, 'तुझा पालक कोण?' तर तो टॅगकडे बोट दाखवतो. टॅगला विचारलं, 'तुझी अपत्यं कोण?' तर तो अ‍ॅट्रिब्यूटचं नाव घेत नाही. हे नियमातच लिहिलेलं आहे. अ‍ॅट्रिब्यूटना भावंडं नसतात आणि आपसांत ठरलेला क्रमही नसतो, त्यामुळे त्यांना नंबर घालायची बातच सोडा. घरात यायचं, नाव लावायचं आणि मोजदादीत धरायचं नाही! माझ्या आत्याला हे सांगितलं तर ती म्हणाली, "यात नवीन काय?"

शिवाय एका टॅगला एकाच नावाचे दोन अ‍ॅट्रिब्यूट चालत नाहीत. फाईलच नापास होते. खापरपणजोबांची दोन लग्नं झालेली. मुंबई प्रांतात द्विभार्या प्रतिबंधक कायदा १९४६ला आला. तो निदान पहिली बायको वारल्यावर दुसरं करू देई. एक्सएमएल तेवढंही मान्य करत नाही. खापरपणजोबांची पहिली बायको खरोखरच वारली होती, पण हे मी प्रोसेसरला कसं पटवणार? 'पत्नी-एक' आणि 'पत्नी-दोन' अशी नावं करून पाहिली. समितीतल्या बायकांनी ती मंजूर केली नाहीत.

शेवटी मी 'विवाह' नावाचा टॅग काढला आणि प्रत्येक विवाहाच्या पोटात त्या त्या आईची मुलं ठेवली. दिसायला झकास. आया पहिल्यांदाच टॅग झाल्या. आणि लगेच सगळी सावत्र भावंडं भावंडंच राहिली नाहीत. एक्सएसएलटीच्या हिशेबी भावंडं तीच, जी एकाच टॅगच्या थेट पोटात असतात. पहिल्या विवाहातली मुलं एक, दोन, तीन. दुसऱ्या विवाहात पुन्हा एक, दोन, तीन, चार. ज्या पणजोबांपासून आमची धाकटी पाती चालते ते सातांपैकी सहावे. नव्या हिशेबात ते तिसरे झाले आणि थोरल्या पातीतल्या तिसऱ्यांशी त्यांचा टकराव झाला. थोरल्या पातीचे पुण्याचे प्रतिनिधी समितीत उभे राहून म्हणाले, "हेच १९२०मध्ये वाटणीच्या वेळी झालं होतं." मी लग्नं लिहीत होतो. वाटण्या करायचा माझा कसलाही हेतू नव्हता.

यावर सूत्र निघालं ते असं. आधी आपल्या आईच्या विवाहाअगोदरचे विवाह बघायचे, त्यांतली थेट मुलं मोजायची. त्यांत आपल्याच विवाहातली आधीची भावंडं मिळवायची. मग एक. 'थेट' हा शब्द महत्त्वाचा. तो गाळला तर नातवंडंही मोजली जातात आणि पणजोबा सहावे न राहता एकेचाळिसावे होतात. पुतण्याने तेही करून पाहिलं.

वंशाचे क्रमांक मात्र एका फटक्यात निघाले. एक्सएसएल-नंबरला 'मल्टिपल' म्हटलं की तो एकेक पिढी वर चढत जातो आणि १.६.२.३ असा पुराच पत्ता काढून देतो. विवाहाच्या गुंत्यापुरतं त्याला हाताने सावरावं लागलं, पण कुळात मजा आली. लोक फोनवर आपले क्रमांक सांगू लागले. माझ्या एका चुलतभावाने तो गाडीच्या नंबरप्लेटसाठी मिळतो का, याची आरटीओत चौकशी केली.

आकडे देवनागरी हवेत, असं समितीने ठरवलं. मला वाटलं, इथे आपण अडकणार. पण नमुना म्हणून देवनागरी एक लिहिला की पुढचे आकडेही देवनागरीच पडतात. १९९९च्या मूळ नियमांतच थाई आकड्यांचं उदाहरण देऊन ही सोय ठेवली आहे. अडकलो ते अक्षरांत. परिशिष्टांना 'अ'पासून क्रम हवा होता. मी नमुना 'अ' दिला. आता 'अ'नंतर काय? बाराखडीत आ. शाळेच्या तुकड्यांत ब. शासन निर्णयातही ब, मग क, मग ड. अ, ब, क, ड ही इंग्रजी एबीसीडीने नऊवारी नेसून केलेली वर्णमाला आहे, हे प्रोसेसरला कोण सांगणार? नियम असा की नमुना ओळखता आला नाही तर मुकाट्याने इंग्रजी एक, दोन, तीन छापावेत. आमच्या प्रोसेसरने 'अ' घेतला आणि कुठलीही तक्रार न करता इंग्रजी एक लावून मोकळा झाला. कॉन्व्हेंटमध्ये घातलेलं पोर, दुसरं काय. अक्षरं शेवटी हाताने घातली. एका सभासदांनी, धान्य मोजताना पहिल्या मापाला एक न म्हणता 'लाभ' म्हणतात तसा पहिला क्रमांक 'लाभ' छापा, अशीही सूचना केली. ती कार्यवृत्तात नोंदवली.

नावांची सूची अकारविल्हे केली तेव्हा एक गोष्ट बरी झाली. यादी कशीही लावली तरी एक्सएसएल-नंबर जन्माचाच क्रमांक छापत राहिला. पोझिशन असती तर सूचीतल्या रांगेचा नंबर पडला असता. काकांना हे फार आवडलं. "नाव अकाराने सुरू होतं म्हणून कुणी थोरला होत नाही," असं त्यांनी ग्रुपवर टाकलं. आमच्या धाकट्या काकांचं नाव अकाराने सुरू होतं.

पाचवं मुद्रित सगळ्यांनी मान्य केलं. काका एक, मधले काका दोन, वडील तीन, आत्या चार, धाकटे काका पाच. फाईल छापखान्यात जायच्या आदल्या दिवशी आत्याचा फोन आला.

"तो पहिल्या वेळेचा कागद आहे का तुझ्याकडे? दादापुढे दोन लिहिलेला?"

"आहे. चूक होती ती, आत्या."

"चूक कशाची? दादाच्या आधी एक मुलगी होती. बारशाआधीच गेली. माझ्या पहिल्या बाळंतपणात आईने मला सांगितलं. त्यांना कुणाला माहीत नाही. मला वाटलं, तुला कुठे कागद सापडला."

मी थोरल्या काकांना फोन केला. या खेपेला रात्री पावणेदहाला मी. सगळं सांगितलं. बराच वेळ तिकडून नुसता पंख्याचा आवाज.

"नाव नाही म्हणतोस?"

"बारसंच झालं नव्हतं."

"नाव नसलं तर नंबर पडतो का?"

"पडतो. रिकामा टॅगही मोजला जातो. पण काका, तुम्ही मग दोन येता. खालचे सगळे एकेक सरकतात."

"सरकू देत." मग जरा थांबून म्हणाले, "आणि ते मघाचं दोन, सुरुवातीचं, ते तू कुठून आणलं होतंस?"

"तिथे मोकळी जागा होती, काका. ती मोजली गेली होती."

"हं."

मी फोन ठेवणार, तेवढ्यात ते म्हणाले, "अरे, थोरला म्हणून मी चार जणांच्या वाटचा मार खाल्लाय. तो आता कुणाच्या खात्यात मांडायचा ते तुझ्या त्या यंत्राला विचार."